कादंबरीतलं निवेदनतंत्र वाचताना ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय की कादंबरीचं कथानक कळतं, पात्रंही लक्षात राहतात, पण जाणकार मंडळी ज्याला 'निवेदनतंत्र' म्हणतात, म्हणजे गोष्ट सांगण्याची रीत, ती वाचताना कुठेच दिसत नाही. मग ती शोधायची कुठे?

माझ्या मते सुरुवात एका जागेपासून करावी. गोष्ट कोण सांगतंय, ती घडून किती काळ लोटल्यावर सांगतंय आणि सांगणाऱ्याला किती ठाऊक आहे, एवढं मनाशी विचारत वाचायचं. तीन मराठी कादंबऱ्या घेऊन सांगतो. तिन्हींत 'मी'च बोलतो, त्यामुळे फरक चटकन नजरेत भरतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) 'मी' म्हणजे धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर. माडगूळकरांना माणदेश अंतर्बाह्य ठाऊक होता, पण त्यांनी गोष्ट सांगायला निवडला तो वाडीला परका असलेला माणूस. त्यामुळे वाडीची माहिती आपल्याला एकदम मिळत नाही. कारभाऱ्याच्या शब्दाला किती वजन आहे, पोरं शाळेत का येत नाहीत, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, हे मास्तराला जसं कळत जातं तसंच आपल्याला कळतं. पुढे दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन वाट धरतात, वाडी ओस पडते. तिथेही निवेदक गळा काढत नाही, दिसतं तेवढं सांगतो. पण तोवर आपण त्या वाडीचेच झालेले असतो, म्हणून ती साधी वाक्यं वाचताना पोटात तुटतं.

'कोसला' (१९६३) उघडा. पहिल्याच ओळींत भालचंद्र नेमाड्यांचा नायक म्हणतो, 'मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.' स्वतःचं वय सांगतानासुद्धा 'उदाहरणार्थ'! पुढे पानोपानी 'वगैरे' येतं. मला यात या कादंबरीचं सगळं तंत्र एकवटलेलं दिसतं. हा मुलगा कुठल्याच गोष्टीला पुरतं खरं मानायला तयार नाही; पुण्यातलं कॉलेज, होस्टेल, मेस, मित्र, सगळं तो अशाच हातभर अंतरावरून सांगतो. आणि मग धाकटी बहीण मनी मरते. तिथे ते अंतर टिकत नाही. इतका वेळ जी भाषा ढालीसारखी पुढे धरली होती ती बाजूला पडते आणि आत काय होतं ते उघडं होतं. हा भाग पुन्हा वाचाल तेव्हा आधीच्या पानांतला तो तिरकस सूर किती विचारपूर्वक बांधला होता ते उमगेल. याच कादंबरीत रोजनिशीचा भाग येतो, इतिहासाच्या अभ्यासकांची नक्कल येते. ते मांडणीतले प्रयोग आहेतच, पण मला ते या सुरापुढे दुय्यम वाटतात.

मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त (२००४) मुकुंद जोशी नववीत आहे. काळ आणीबाणीचा. लेखक प्रौढ, पण प्रौढाचं शहाणपण ते मुकुंदाच्या तोंडी घालत नाहीत. मुकुंदाचं सगळं लक्ष वर्गातल्या शिरोडकर या मुलीकडे. आजूबाजूला देशात काय चाललंय ते त्याला मोठ्यांच्या बोलण्यातून अर्धवट कानी पडतं. त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, आणि या कादंबरीची सगळी हुरहुर त्या फरकातून येते. मुकुंद पन्नाशीत बसून आठवणी सांगतोय अशी कल्पना करा. तेच प्रसंग गोड गोड होऊन गेले असते.

'मी' सोडूनही वाटा आहेतच. मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस'मध्ये (१९४२) संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे पात्राच्या मनात विचार जसे येतात तसेच मांडण्याचा, प्रयोग केला. मराठीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा, पण सुरुवात त्याने करू नका, दमछाक होते. किरण नगरकरांनी 'सात सक्कं त्रेचाळीस'मध्ये (१९७४) काळाचा सलगपणाच मोडला. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) संवादांतली वऱ्हाडी ऐका. नायिका कौतिकचा संताप आणि तिची जिद्द प्रमाण मराठीत त्याच ताकदीने उतरली असती असं मला वाटत नाही.

एक प्रयोग जरूर करून बघा. आवडत्या कादंबरीतलं एक पान घ्या आणि तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहा. मनीचा मृत्यू पांडुरंगाच्या वडिलांनी सांगितला तर? बनगरवाडीत मास्तर आल्याची गोष्ट कारभाऱ्याने सांगितली तर? चार ओळी लिहिल्या की मूळ लेखकाने काय काय गाळलं होतं ते दिसायला लागतं.

वाचायचा क्रम म्हणाल तर आधी 'बनगरवाडी', ती छोटीही आहे, मग 'शाळा'. 'कोसला' त्यानंतर घ्या, आणि पहिली काही पानं जड गेली तरी मनीच्या भागापर्यंत सोडू नका.