पहिला केक घरीच कर

अगं, लेकीच्या वाढदिवसाला तीन थरांचा केक कशाला हवा? साधा दह्याचा स्पंज कर. एक वाटी दह्यात पाऊण वाटी साखर विरघळव, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटं थांब. दही फसफसून वर आलं की अर्धी वाटी तेल, व्हॅनिला आणि दीड वाटी चाळलेला मैदा. गुठळ्या मोडल्या की हात थांबव, जास्त फेटलंस तर केक चिवट होतो. तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. अर्ध्या तासाच्या आत दार उघडू नकोस, मधोमध बसतो.

खरी डोकेदुखी क्रीमची. आपल्या गोव्याच्या दमट हवेत मेणबत्ती पेटेपर्यंत गुलाब ओघळतात. त्यापेक्षा वर पिठीसाखर भुरभुरव, मे महिना असेल तर मानकुराद आंब्याच्या फोडी ऐनवेळी मांड. अख्खे काजू मात्र नकोत, लहान मुलांच्या घशात अडकतात. बारीक पूड करून पिठातच घाल. बाथ, म्हणजे आपला रव्या-खोबऱ्याचा गोवन केक, पुढच्या वर्षी, त्याचं पीठ रात्रभर भिजवावं लागतं.

आणि केक आदल्या दिवशीच भाज, म्हणजे कापताना चुरा होत नाही.