सर क्रीकच्या वादात पालघर-डहाणूचे खलाशी का अडकतात?

तुम्ही विचारलंय की सर क्रीक म्हणजे कच्छच्या टोकाची चिखलाची खाडी, तिथे धड वस्ती नाही की शेती नाही, मग तिच्यापायी भारत-पाकिस्तानची जहाजं एकमेकांवर डोळे का वटारतात, आणि आपल्या पालघर-डहाणूची माणसं कराचीच्या तुरुंगात कशी जाऊन पडतात. मी डहाणू तालुक्यातल्या किनाऱ्यावरचा. पकडलेल्या खलाशांच्या घरच्यांना अर्ज लिहून देणं, त्यांचे कागद जमवणं हे काम मी बरीच वर्षं करतो. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्त बोलेन.

आधी खाडी. लांबी सुमारे ९६ किलोमीटर, एका अंगाला कच्छ, दुसऱ्या अंगाला सिंध. भांडण फाळणीच्या आधीचं आहे. १९०८ च्या सुमारास तिथल्या लाकूडफाट्यावरून कच्छचे राव आणि सिंधचा कारभार यांच्यात कुरबूर सुरू झाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून निवाडा मुंबई सरकारकडे आला आणि १९१४ मध्ये ठराव झाला. ठरावासोबतच्या नकाशात हद्दीची हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठावरून जाते. पाकिस्तान तीच धरून आहे, म्हणजे अख्खी खाडी त्यांची. भारताचं म्हणणं असं की जिथे बोट चालते तिथे हद्द प्रवाहाच्या मधोमध, हे तत्त्व त्याच ठरावात आहे आणि १९२५ च्या नकाशात खांबही मधोमध दाखवलेत. पाकिस्तान म्हणतो, खाडीत बोट चालतच नाही. भरतीला चालते. मला भारताची बाजू पटते, पण कागद दोघांच्याही हातात आहे हे मान्य करावं लागतं.

१९६५ च्या संघर्षानंतर कच्छच्या रणासाठी लवाद बसला, १९६८ मध्ये निकाल लागला आणि वादातल्या रणाचा सुमारे ९० टक्के भाग भारताकडे राहिला. सर क्रीक त्या निकालात घेतलीच नव्हती. ती तशीच लोंबकळत राहिली.

आता खरी किंमत कशाची ते बघा. जमिनीवरची हद्द जिथे संपते, तिथून समुद्रातली हद्द निघते आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, आत जाते. बंदरातून निघताना होकायंत्रात एक अंश चुकला तर शंभर मैलांवर बोट कुठच्या कुठे लागते, हे कोणताही तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, सांगेल. खाडीच्या मुखाशी हद्द थोडी सरकली की खोल समुद्रात हजारो चौरस किलोमीटर पाणी इकडचं तिकडे होतं. त्या पाण्यात मासळी आहे, तळाशी तेल-वायू असण्याची आशा आहे, आणि कराची तिथून लांब नाही. म्हणून चिखलासाठी एवढं सगळं चालतं.

आणि हे नुसत्या कागदावर राहत नाही. १० ऑगस्ट १९९९ ला याच भागात भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, १६ जण गेले. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणी केली तेव्हा आमच्या किनाऱ्यावरही वाटलं होतं की आता सुटतं. पण २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेक्यांनी कुबेर ही मासेमारी बोट पळवली आणि तिच्यातून मुंबईपर्यंत आले. त्यानंतर मासेमारी बोट म्हटली की संशय. २ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी भुजमध्ये बजावलं की कराचीला जाणारा एक रस्ता याच खाडीतून जातो. असं काही बातम्यांत आलं की इथल्या घराघरांतून गुजरातच्या ओखा बंदराला फोन सुरू होतात.

का, तर डहाणू, तलासरी, पालघरची पोरं तिथल्या बोटींवर असतात. पावसाळी बंदी उठली की ती ओखा, पोरबंदर, वेरावळ गाठतात. त्यात आदिवासी पाड्यांवरची पुष्कळ. जायच्या आधी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती घराच्या छपरात, कुणाच्या लग्नात, आजारपणात संपलेली असते. उचल फेडायची तर बोट भरून आली पाहिजे. जवळच्या पाण्यात मासळी घटली, आणि सिंधूच्या मुखाकडचं पाणी अजून भरलेलं आहे. घोळ ही मासळी सापडली तर तिच्या पोटातल्या बोतालाच, म्हणजे हवेच्या पिशवीलाच, केवढा भाव येतो.

“जीपीएस असताना चुकून हद्द कशी ओलांडतात?” असं मला शहरातले लोक विचारतात. काही चुकून जातात: वाहती जाळी टाकली की रात्रभर बोट जाळ्याबरोबर ओढीला लागते, कधी इंजिन बंद पडतं. काही तांडेल जाणूनबुजून जातात, हेही खरं. आणि काही बोटी आम्ही आपल्याच पाण्यात होतो असं शपथेवर सांगतात. दोन्ही देशांनी मान्य केलेली रेघ समुद्रात नाहीच, जी आहे ती मानीव, मग खरंखोटं कोण ठरवणार? पण बोट कुठे न्यायची हे खलाशी ठरवत नाही. तो जाळं ओढतो, बर्फ फोडतो, मासळी निवडतो. बंदूक समोर आली की मात्र तोच समोर असतो. २०२१ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानी गोळीबारात आपल्या जिल्ह्यातला एक खलाशी बोटीवरच मेला.

ज्याचा मला खरा संताप येतो ती गोष्ट पुढे आहे. समुद्र कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मंजूर केला. त्याचं ७३ वं कलम सांगतं की किनाऱ्यालगतचे १२ मैल सोडून पुढच्या आर्थिक क्षेत्रात परक्या बोटीने मासे धरले, तर दोन देशांत तसा करार नसताना कैदेची शिक्षा देता येत नाही. हमी घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडायची. दोन्ही देश हे मान्य करून बसलेत आणि दोन्ही देश मच्छीमारांना तुरुंगात घालतात. १ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे त्यांच्या ताब्यात आपले १९३ मच्छीमार होते, आपल्या ताब्यात त्यांचे ८१. शिक्षा संपते, पण राष्ट्रीयत्वाची खात्री पटवण्याचे कागद दिल्ली-इस्लामाबादमध्ये फिरत राहतात, आणि सुटका बहुतेक वेळा दोन सरकारांचं बरं चाललं असेल तेव्हाच होते.

हद्द ठरली की सगळं मिटेल असं म्हणणाऱ्यांनी पाल्कच्या सामुद्रधुनीकडे बघावं. तिथे १९७४ आणि १९७६ मध्ये श्रीलंकेशी रेघ ठरली, तरी तमिळनाडूचे मच्छीमार आजही पकडले जातात. उलट बांगलादेशाशी असलेला वाद लवादाकडे गेला, २०१४ मध्ये निकाल लागला, वादातल्या पाण्याचा मोठा हिस्सा बांगलादेशाला मिळाला आणि भारताने तो मुकाट्याने स्वीकारला. पाकिस्तानशी मात्र तिसऱ्याला मध्ये घ्यायचं नाही, हे भारताचं सिमला करारापासूनचं धोरण. म्हणून माझं मत असं: खाडीचा निकाल लागायचा तेव्हा लागो, खलाशांना तुरुंगात न टाकण्याचा समझोता आधी करा. त्यासाठी कोणालाही इंचभर पाणी सोडावं लागत नाही.

तुमच्या ओळखीतलं कोणी या मोसमात गुजरातच्या बोटीवर जाणार असेल तर निघण्याआधी बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचा फोन आणि बंदर घरात लिहून ठेवायला सांगा. बोट पकडल्याचं कळलं की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. “बोट गुजरातची, तिकडे जा” असं ऐकावं लागेल. तरी अर्ज सोडून उठू नका, माणूस इथला आहे. आणि आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आत्ताच तपासा. पाड्यावर हाक मारायचं नाव वेगळं, दाखल्यावरचं वेगळं आणि तिकडे पकडल्यावर त्याने सांगितलेलं तिसरंच, एवढ्याच कारणाने खात्री पटवण्याचं काम अडून राहिलेलं मी पाहिलंय.