उंबरठ्याची झीज

कोलंबस, ओहायो

प्रिय मुली,

तुझ्या रेखाटनाचा फोटो काल रात्री मिळाला. त्याखाली तू लिहिलं होतंस, "मावशी, चॅलेंजमधून नाव काढून घेऊ का?" आपल्या गिल्डच्या, म्हणजे क्विल्ट (तीन थरांच्या गोधड्या) शिवणाऱ्या बायकांच्या मंडळाच्या, त्या स्पर्धेबद्दल आधी उत्तर देते. काढू नकोस. अजून पाच आठवडे हातात आहेत आणि काम 24 इंच बाय 24 इंचाचं आहे. एवढ्या वेळात ते नीट होतं, फक्त काय करायचं ते पक्कं ठरलं पाहिजे. तेच अजून ठरलेलं नाही, असं मला रेखाटन बघून वाटलं.

गिल्डने विषय दिलाय ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे उंबरठा. आपल्या गिल्डमधल्या बाकीच्या बायकांना तो शब्द ऐकून नवी सुरुवात, वयाचा टप्पा, सहनशक्तीची मर्यादा असं काहीबाही सुचेल. आपल्याला उंबरठा म्हटलं की लाकूड दिसतं. तिन्हीसांजेला त्यावर बसू नको म्हणणारी आजी आठवते. तुझ्याजवळ ही एवढी ठोस वस्तू आहे, आणि तू काढलंस काय? दार, तोरण, रांगोळी, मागे उगवता सूर्य. रेखाटन सुबक आहे, पण ते सगळं कागदावर रंगाने तासाभरात काढता येईल. त्यासाठी तीन थर एकत्र शिवायची काय गरज? बघणारी बाई लांबूनच ‘भारतीय दार’ म्हणून ओळखेल आणि पुढच्या क्विल्टकडे जाईल.

मागच्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात कापड इस्त्री करताना तू सहज बोलून गेलीस की तुझ्या आजोळी, साताऱ्याकडे, उंबरठा मधोमध इतका झिजलाय की पावसाळ्यात पाणी बरोबर तिथूनच आत येतं आणि आजी तिथे फडकं दाबून ठेवते. तुझा क्विल्ट त्या झिजेतच आहे. दार नको, तोरण नको. एक आडवा पट्टा आणि मध्ये खोलगट भाग, बस्स.

ती खोली रंगाने दाखवायची नाही, टाक्याने दाखवायची. टाके दाट घातले की दोन कापडांमधलं बॅटिंग, म्हणजे सुती किंवा लोकरीचा भराव, दबतं आणि कापड खाली बसतं. विरळ ठेवले की कापड फुगून वर येतं. म्हणजे आडव्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना दोन-अडीच इंचांवर एक ओळ घाल. (पाकिटावर लिहिलेलं असतं की या बॅटिंगला जास्तीत जास्त किती अंतर चालेल, ते आधी बघून घे.) मग मध्याकडे येत येत ओळी जवळ आण, आणि अगदी मधोमध इतक्या जवळ घे की दोन ओळींमध्ये कापड जेमतेम दिसावं. बाजूने उजेड पडला की मधला भाग खरोखर खाली गेलेला दिसेल. हाताला तर लागेलच, पण प्रदर्शनात हात लावू देत नाहीत, म्हणून डोळ्यांनाच ते हाताइतकं जाणवलं पाहिजे. चित्राला हे जमत नाही. क्विल्टला जमतं, आणि म्हणून ते करायचं.

आपल्याकडे हे नवं नाही. माझ्या आईच्या गोधडीत कापूस नसायचाच, जुन्या लुगड्यांचे नुसते थर. तरी धावदोऱ्याच्या दोन ओळींमधलं कापड बारीक वळीसारखं उठून यायचं, आणि ताप आला की मी त्या वळ्यांवरून नख फिरवत पडून राहायची. तो स्पर्श तुझ्याही बोटांत असणार.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. परीक्षक तुझ्या शेऱ्याच्या कागदावर लिहू शकते की टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी नाही. पारंपरिक क्विल्टमध्ये दाटी एकसारखी असणं हा मोठा गुण मानतात, आणि तो योग्यच आहे, कारण तसं नसेल तर क्विल्ट वेडावाकडा होतो. तुझा बचाव एकाच गोष्टीत आहे: फरक इतका ठळक ठेव की तो चुकून झाला असं कुणालाच वाटणार नाही. घाबरून थोडासाच फरक केलास तर तो आळस दिसेल. नव्या मुली इथेच कच खातात. कल्पना धीट असते, पण हात मधल्या मार्गाने जातो.

दाट टाक्यांनी कापड आक्रसतं. म्हणून 24 इंचांसाठी सुरुवात 27 इंचांनी कर आणि शेवटी कापून मापात आण. आकारात अर्धा इंच कमी पडला म्हणून परत आलेली कामं मी पाहिली आहेत. शिवून झाल्यावर मधला भाग आवळलेला आणि कडा लाटांसारख्या झालेल्या असतील. तेव्हा ओला करून, चौकोन गुण्यात ठेवून, टाचण्या लावून सपाट वाळू दे. बॅटिंग लोकरीचं घे, सुती बॅटिंगपेक्षा ते जास्त फुगतं.

आणि ओला करायच्या आधी प्रत्येक कापडाचा तुकडा गरम पाण्यात पांढऱ्या फडक्यासोबत भिजवून बघ. हे मी ठेच खाऊन शिकले आहे. आईच्या इरकलीचा लाल काठ मी न तपासता दुधी कापडाशेजारी लावला होता. प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना क्विल्ट ओला केला आणि काठाशेजारचं दुधी कापड गुलाबी होत गेलं. मी रात्रभर पाणी बदलत बसले. थोडा डाग गेला, बाकीचा राहिला. तो क्विल्ट मी पाठवला नाही. काठ आईचा होता, दुसरा मिळणार नव्हता.

आता कापडाबद्दल. आजीचं एक जुनं लुगडं तुझ्याकडे आहे ना? त्याचा चांगला भाग काढू नकोस, विरलेला भाग घे. अलाबामातल्या जीज बेंडच्या बायका शेतात घालून फाटलेल्या कपड्यांचे क्विल्ट करत. त्यांतल्या पँटच्या कापडात गुडघे फिके पडलेले दिसतात, आणि जिथला खिसा उसवून काढला तिथे मूळचा गडद निळा चौकोन शिल्लक असतो. तो रंग कुणी ठरवून लावलेला नाही, तो त्या माणसाच्या कष्टाने पडलाय. मिसूरी पेटवे या बाईने 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचा क्विल्ट केला. पुढे 2002 मध्ये या गावचे क्विल्ट न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले. झिजलेला उंबरठा झिजलेल्या लुगड्यातून करायचा, ही गोष्ट तुझ्या हाती आपोआप आली आहे. विरलेल्या कापडाला मागून पातळ मलमल लाव, नाहीतर दाट टाक्यांत ते फाटेल.

राहिलं गिल्डने दिलेलं ते नारिंगी ठिपक्यांचं कापड. तुला ते आवडत नाही हे तुझ्या चेहऱ्यावरच दिसलं होतं, मलाही आवडत नाही. पण नियम म्हणतो की ते समोरून ओळखू आलं पाहिजे. म्हणून ते कोपऱ्यात लपवू नकोस, लपवलेलं लगेच कळतं. आजीचं ते फडकं आहे ना, पाणी अडवणारं? फडकं कुठे घरच्या रंगसंगतीला धरून असतं! झिजेच्या बरोबर खाली एकच नारिंगी पट्टी, चुरगळल्यासारखी. नावडतं कापड तिथे आपलं काम करेल.

कोपऱ्यांना सिद्दी बायकांसारखी कापडी ‘फुलं’ लावू का, असंही तू विचारलं होतंस. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या त्यांच्या गोधड्यांत कोपऱ्यांवर ते घडीचे त्रिकोण नसले तर गोधडी उघडी राहिली असं मानतात. ती त्यांची रीत आहे. तुझ्या घरच्या उंबरठ्याशी तिचा संबंध नाही, म्हणून इथे नको. या क्विल्टला बाइंडिंग, म्हणजे कडेने लावायची पट्टी, तीसुद्धा नको, कडा मागे वळवून शिव, म्हणजे चौकट दिसणार नाही.

टांगण्यासाठी मागे चार इंची स्लीव्ह, म्हणजे कापडी नळी, लाव, थोडी सैल, म्हणजे दांडी घातल्यावर पुढून फुगवटा येत नाही. फोटो दोन काढ, एक चारही कडा दिसतील असा आणि एक जवळून. पुढे कधी ज्युरीच्या, म्हणजे परीक्षक कामं निवडतात अशा, प्रदर्शनाला पाठवलास तर पहिल्या फेरीत ते लोक क्विल्ट नाही, हे फोटोच बघतात. तुझ्या कामाचा फोटो समोरच्या उजेडात काढलास तर सगळी खोली नाहीशी होईल, उजेड बाजूनेच घे.

लेबलला, म्हणजे क्विल्टची माहिती देणाऱ्या चिठ्ठीला, मात्र वेळ दे. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी 1886 मध्ये कापसाच्या जत्रेत हॅरिएट पॉवर्स या बाईने आपला बायबलमधल्या प्रसंगांचा क्विल्ट मांडला. ती गुलामगिरीत जन्मलेली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेने तो मागितला, हॅरिएटने दिला नाही. काही वर्षांनी पैशांची फार ओढाताण झाली तेव्हा ती तो घेऊन आली, दहा डॉलर मागितले आणि पाचावर द्यावा लागला. देताना तिने अकराही चौकटींचा अर्थ सांगितला आणि जेनीने तो लिहून ठेवला. नंतरही ती आपला क्विल्ट बघायला तिच्याकडे येत असे. आज तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे, आणि त्यात काय आहे ते आपल्याला कळतं ते त्या लिहून ठेवलेल्या ओळींमुळे. तू तुझं स्वतःच लिही. आजीचं नाव, गावाचं नाव, लुगडं कधीचं, फडकं कशाचं. मराठीतही लिही, वर किंवा खाली, पण लिही.

आपल्या ओहायोतही एक अथेन्स आहे, इथून गाडीने सव्वा-दीड तासावर. तिथे जुन्या मनोरुग्णालयाच्या गाईंच्या गोठ्यात 1979 पासून दर दोन वर्षांनी ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन भरतं. तेव्हा इतर प्रदर्शनं परंपरेबाहेरची अशी कामं घेत नव्हती, म्हणून नॅन्सी क्रो आणि तिच्या मैत्रिणींनी ते सुरू केलं. मी तुला तिथे घेऊन जाणार आहे. भिंतींजवळ तिरकी उभी राहा आणि बाजूने बघ, टाक्यांनी काय केलंय ते तिथून दिसतं.

शनिवारी सकाळी ये. लोकरीच्या बॅटिंगचा एक तुकडा माझ्याकडे उरलाय, 30 इंच तरी असेल. लुगडं आण, आणि आजीला फोन करून विचारून ठेव की ती झीज उंबरठ्याच्या अगदी मध्यावर आहे की उजव्या पायाच्या बाजूला थोडी सरकलेली.

तुझी,
मावशी