रोजच्या स्विफ्टला रेसिंगचे ब्रेक पॅड टाकावेत का?

तुम्ही लिहिलंय की स्विफ्टने रोज पुण्यात ऑफिसला जाता, महिन्यातून एखादी चक्कर महाबळेश्वरला होते, आणि गेल्या खेपेला पोलादपूरच्या बाजूला उतरताना ब्रेक 'ढिले' पडले. म्हणून रेसिंगचे पॅड टाकू का, असं विचारताय.

आधी नीट आठवून बघा. पेडल नेहमीसारखं कडक होतं आणि तरी गाडी आवरेना, की पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं? कडक असेल तर पॅड तापून त्यांची पकड गेली. मऊ झालं असेल तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले असणार, आणि मग जगातले सगळ्यात महाग पॅड टाकूनही उपयोग नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे) न उकळता किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पण पाणी मुरलं की मानकातला आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. पावसाळे काढलेल्या आपल्या गाड्यांत ते शेवटचं कधी बदललं, हे बहुतेकांना आठवत नाही. तुम्हाला आठवतंय का?

आता घाटाचा हिशेब. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. आंबेनळी घाटाने बाराशे मीटरहून जास्त उतरताना जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ताशी १००च्या वेगातली तीच गाडी जागेवर थांबवण्याच्या तिसेक पट भरते. थोडी हवेच्या विरोधात जाते. बाकीची कुणी खायची, इंजिनने की पॅडनी, हे तुमचा गिअर ठरवतो. चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर बहुतेक भार ब्रेकवर, त्यातही पुढच्या दोन डिस्कवर (पॅड ज्यांना चिमटतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकत्या). दुसऱ्यात उतरलात तर इंजिन थोडं ओरडेल, पण ब्रेक बरेच थंड राहतील.

रेसिंग पॅडचं म्हणाल, तर ती चूक मी करून बसलोय. एका दुकानदाराच्या आग्रहावरून जुन्या पोलोला ट्रॅकचे पॅड बसवले. ते चांगले पकडतात, पण तापल्यावर. डिसेंबरात सकाळी सोसायटीच्या उतारावर पहिला ब्रेक दाबला आणि गाडी गेटच्या दिशेने जातच राहिली. दुप्पट जोर लावावा लागला. सिग्नलला करकर इतकी, की गाडी दिसायच्या आधीच वॉचमन गेट उघडायचा. आठ महिन्यांत डिस्कवर नखाला लागतील अशा खाचा पडल्या. शहरात ते पॅड त्यांच्या तापमानाला कधी पोचलेच नाहीत.

आणखी एक. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ६० वरून जोरात ब्रेक दाबा. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होऊन पेडल थरथरलं का? मग तुमचे साधे पॅड टायरच्या पकडीपेक्षा आत्ताच ताकदवान आहेत, आणि नव्या पॅडने थंड ब्रेक असताना गाडी थांबायचं अंतर कमी होणार नाही. ते चांगल्या टायरने होईल.

एवढं करूनही पॅड बदलायचेच असतील तर 'रस्त्यासाठी' असलेलेच घ्या. सिरॅमिक किंवा रस्त्यासाठीचे सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले). ईबीसी या ब्रेक कंपनीचे रेडस्टफ सिरॅमिकमधले. सिरॅमिकची धूळ कमी आणि आवाजही कमी. सेमी-मेटॅलिक उष्णता जास्त झेलतात, पण डिस्क जरा लवकर खातात. बऱ्याच पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाच्या. 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' त्याच्या वर. रोजच्या गाडीला 'एफएफ' भरपूर झालं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी घर्षणाचं असेल तर घाटासाठी तो पॅड मला नको. नकली मालही खूप फिरतो, तेव्हा पक्कं बिल घ्या.

बसवताना डिस्कची जाडी मोजायला सांगा, किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर ८० वरून ३० वर आठ-दहा वेळा आणा, मध्ये थोडं अंतर सोडून. पूर्ण थांबू नका. शेवटी दहा मिनिटं जवळपास ब्रेक न लावता चालवा. मेकॅनिक हे सांगत नाहीत, आणि मग 'नवे पॅड धरत नाहीत' अशी तक्रार घेऊन लोक परत जातात.

मी तुमच्या जागी असतो तर आधी नवं डॉट ४ भरून, ब्लीडिंग करून (म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून), दुसऱ्या गिअरमध्ये एकदा तोच घाट उतरून बघितला असता. आणि हो, खाली पोचल्यावर वास आला म्हणून बाटलीतलं पाणी चाकावर ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते, आणि मग पेडल थरथरतं म्हणून नवा प्रश्न विचारावा लागेल.