झर्मॅटमध्ये एकच दिवस असेल तर तिथलं मॅटरहॉर्न संग्रहालय बघावं का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या झर्मॅट गावात एकच दिवस मिळणार आहे, गोर्नरग्राटच्या डोंगरमाथ्यावर जाणारी रेल्वे ठरलेली आहे, मग संग्रहालयासाठी वेळ काढावा का. नक्की काढा, आणि जमलं तर वर जायच्या आधीच बघा. मी उलट केलं. सकाळी मॅटरहॉर्नचा डोंगर डोळे भरून पाहिला, संध्याकाळी संग्रहालय पाहिलं आणि बाहेर आले तेव्हा शिखर ढगात गेलं होतं. आत जे कळलं ते मनात ठेवून तो डोंगर पुन्हा एकदा बघायचा होता, ते राहूनच गेलं.

चर्चजवळ काचेचा घुमट दिसेल, त्याच्या खाली, जमिनीच्या पोटात हे संग्रहालय आहे. सगळे ज्यासाठी येतात तो दोराचा तुकडा काचेच्या पेटीत आहे. 14 जुलै 1865 ला सात जण पहिल्यांदा 4,478 मीटरच्या या शिखरावर पोचले. उतरताना 19 वर्षांच्या हॅडोचा पाय घसरला, तो पुढच्या मिशेल क्रो या वाटाड्यावर आदळला, त्यांच्यामागे हडसन आणि लॉर्ड डग्लस ओढले गेले. डग्लस आणि झर्मॅटचा वाटाड्या थोरला पेटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे गेले, इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि टाउगवाल्डर बापलेक तेवढे वाचले. डग्लसचा देह आजवर सापडलेला नाही.

तो दोर इतका बारीक आहे की कपडे वाळत घालायची दोरी आठवते. त्यांच्याकडे याहून मजबूत दोर होते, हा सगळ्यात कमजोर. मी सह्याद्रीत दोर लावून चढते, त्यामुळे त्या पेटीसमोरून पाय निघेना. नंतर कुजबुज सुरू झाली, की टाउगवाल्डरने जीव वाचवायला दोर कापला. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण संशय काही पुसला गेला नाही. दोर कापले म्हटलं की आपल्याला सिंहगड आणि सूर्याजी आठवतो. या माणसाला तेच शब्द डाग म्हणून वागवावे लागले.

पण दोर बघून लगेच परत फिरू नका. आत जुनं झर्मॅट उभं केलंय, घरं, कोठार, हॉटेलची खोली. तिथे निवांत फिरा. व्हिंपरसारखे पाहुणे येण्याआधी हे गुरं राखून आणि डोंगरउतारावर थोडंफार पिकवून जगणाऱ्यांचं गाव होतं. रेल्वे आली ती 1891 मध्ये. वाटाडे झाले ते याच घरांतले लोक. टाउगवाल्डर कुठून आला हे त्या ठेंगण्या, काळवंडलेल्या खोल्यांत उभं राहिल्यावर मला उमगलं. परक्या साहेबांबरोबर स्वतःच्या मुलाला घेऊन त्या कड्यावर जाणं म्हणजे काय, हेही.

साधारण दीड तास धरा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, तेवढ्या आदल्या दिवशी बघून घ्या. गाडीने येणार असाल तर ती अलीकडच्या टेश गावातच ठेवावी लागते, पुढे रेल्वे. गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे.

बाहेर पडलात की चर्चशेजारच्या गिर्यारोहकांच्या दफनभूमीत क्रोची कबर आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. मग हिंटरडॉर्फ, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत चला, अगदी जवळ आहे. तिथली लाकडी कोठारं खांबांवर उभी आहेत आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा चपटा गोल दगड आहे. उंदीर खांबावरून चढतो, पण त्या दगडाचा काठ त्याला ओलांडता येत नाही. घरात कणगी पाहिलेली असेल तर तुमचे बाबा तिथून लवकर हलणार नाहीत. तो वेळही हाताशी ठेवा.