वेलिगामला पहिल्यांदा सर्फिंगला जाणाऱ्यासाठी

भावा, डिसेंबरात श्रीलंकेला चाललास हे बेस्ट केलंस. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल लाटा नीट लागतात. वेलिगामचा किनारा अर्धगोल, तळाला बहुतेक ठिकाणी वाळू. शिकायला मी तीच जागा सांगतो.

आपल्या सोलापुरात समुद्र नाही, पण अर्धी तयारी इथेच होते. आजपासून पोहायच्या टँकवर जा, खांदे तयार होऊ देत. सर्फिंगच्या फळीवर पालथं पडून हातानं वल्हवतानाच माणूस दमतो. आणि फळीवर उभं राहायचा सराव म्हणून रोज गच्चीवर चादर पसरून पालथा झोप, तळवे बरगड्यांशेजारी टेकव आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर ये. आधी गुडघा टेकवायची सवय अजिबात लावू नकोस, नंतर सुटता सुटत नाही. नजर समोर ठेव. पायाकडे बघितलंस की पडलासच.

फळी आठ-नऊ फुटी, मऊ फोमचीच घे. सुरुवातीला कमरेइतक्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाळ लाटांवरच राहा.

एक गोष्ट जिवाची आहे म्हणून सांगतो. फळी तुझ्या आणि लाटेच्या मध्ये कधीच आडवी धरू नकोस, थेट तोंडावर बसते. ती बाजूला धर, टोक लाटेकडे. पडताना सूर मारू नकोस, अंग पसरून पड आणि वर येताना हात डोक्यावर घे. पाणी आत ओढायला लागलं तर फळी सोडू नकोस, किनाऱ्याला समांतर सरक, हात वर करून मदत माग.

सकाळी लवकर उतर, वारा कमी असतो. अंगात घट्ट टी-शर्ट हवाच, नाहीतर पोट सोलवटतं.