घरचे नको म्हणत असताना केबिन क्रूची नोकरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केबिन क्रूच्या निवडीची पहिली फेरी पार झाली, दुसरीला बोलावणं आलंय, पण घरचे म्हणतात की एवढं शिकून लोकांपुढे ट्रे ठेवायचे, रात्री-अपरात्री फिरायचं आणि चार वर्षांनी पुढे काय? तेव्हा जावं की त्यांचं ऐकावं?

मी याच कामात आहे. माझं मत आधीच सांगते: जावं. पण घरच्यांची एक काळजी अगदी खरी आहे आणि ती ते बहुधा तोंडाने बोलत नाहीत. तिचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय सही करू नका.

आधी ट्रेचं बघू. बहुतेक देशांत साधारण दर ५० आसनांमागे एक क्रू असावाच लागतो. जेवण वाढायला किती हात लागतात यावरून हा आकडा ठरलेला नाही. विमान रिकामं करायला माणसं लागतात म्हणून तो आहे. मोठ्या विमानाच्या नव्या मॉडेलला परवानगी मिळण्याआधी, निम्मेच दरवाजे वापरून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे सिद्ध करावं लागतं. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती, केबिनमध्ये धूर भरला होता, घोषणेची यंत्रणा बंद पडली होती आणि आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते. क्रूने मेगाफोन हाती घेतले, ओरडून सूचना दिल्या, कुठल्या बाजूला आग नाही ते पाहून दरवाजे उघडले. सगळेच्या सगळे ३७९ बाहेर आले.

ही गोष्ट घरी सांगा. सांगण्यापेक्षा, ट्रेनिंगमध्ये काय असतं ते सगळ्यांनी एकत्र बसून बघा. आग विझवणं, धुरातून वाट काढणं, घसरगुंडीवरून खाली येणं, पाण्यातला तराफा, बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न. हे सगळं ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं, परीक्षा द्यावी लागते आणि नापास झालं तर उड्डाण थांबतं. टेक-ऑफच्या वेळी आम्ही जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, गप्प बसलेलो दिसतो ना, तेव्हा मनात उजळणी चालू असते: दरवाजा कसा उघडायचा, कुठली आज्ञा द्यायची, जवळच्या प्रवाशांपैकी मदतीला कोण येऊ शकेल. या कामाला कमी लेखणं मला पटत नाही, आणि तुम्हीही घरी खाली मान घालून त्याबद्दल बोलू नका.

रात्रीच्या सुरक्षिततेबद्दल मात्र त्यांना उडवून लावू नका. घरून विमानतळावर ने-आण कोण करतं, लेओव्हरला, म्हणजे बाहेरगावी मुक्काम पडला की, हॉटेल कोण ठरवतं, खोली एकटीला असते की दोघींत, प्रवाशाने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला तर तक्रार कुणाकडे जाते, हे कंपनीला विचारून नेमकी उत्तरं त्यांच्यापुढे ठेवा. ‘काही होत नाही हो’ याने कुणाच्याच आईचं समाधान झालेलं नाही.

आता त्या खऱ्या काळजीकडे येते. तुम्ही घरी नसाल. परगावी नोकरी करणारा माणूस सुट्टी ठरवून येतो. आमच्या हाती महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, येतं आणि तेही बदलतं. स्टँडबायला, म्हणजे राखीव ड्यूटीवर असताना, फोन वाजला की निघायचं. नव्याने लागलेल्यांना सणाची सुट्टी सहसा मिळत नाही, ती आधी जुन्यांना जाते. घरात कुणी आजारी असेल तर बातमी तुम्हाला लँडिंगनंतर कळेल. आईवडील ‘लोक काय म्हणतील’ असं म्हणतात तेव्हा अनेकदा त्यांना हेच म्हणायचं असतं, हे मी क्रूमधल्या बऱ्याच घरांत पाहिलंय. त्यावर युक्तिवाद चालत नाही. हे होणार आहे, असं त्यांच्याजवळ कबूल करा.

शरीराचंही तसंच. केबिनमधली हवा फार कोरडी, दाब जवळपास सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तसा, आणि सर्दी असताना उडालात तर कानाला इजा होऊ शकते. पण सगळ्यात जास्त हाल होतात ते झोपेचे. म्हणून एक करून बघा. महिनाभर स्वतःचं खोटं रोस्टर लावा: दोन दिवस पहाटे तीनला उठायचं, मग एक रात्र जागायची, दुपारी झोपायचं, पुन्हा पहाटे उठायचं. आणि आठ-दहा तास पायांवर उभं राहून कुरकुरणाऱ्या माणसांशी नीट बोलायचं. फिरायची हौस पहिल्या वर्षात फिटते. त्यानंतर तुम्हाला हा दिनक्रम आणि ही माणसं आवडतात का, यावरच सगळं टिकतं. मला आवडतात.

पुढे काय, याचं उत्तर: काहीजणी पर्सर, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुख, होतात, काहीजणी ट्रेनिंगमध्ये जातात, काही बाहेर पडून दुसरं करतात. अनेक कंपन्या ठरावीक मुदतीच्या करारावर घेतात आणि वैद्यकीय तपासणीत अडकलात तर उडता येत नाही. पदवी अर्धी असेल तर आधी ती पूर्ण करा.

पैशाचं एवढंच: पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो आणि बऱ्याच ठिकाणी ते तास विमान हलल्यावर सुरू होतात. बोर्डिंग आणि खोळंबा त्यात धरतातच असं नाही. किमान हमीचे तास किती, बॉन्ड, म्हणजे नोकरी न सोडण्याचं बंधन, किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती भरायचे, हे लेखी घ्या. आणि निवडीसाठी कुणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर तिथून उठा.

घरचे शंभर टक्के हो म्हणतील याची वाट बघू नका, ते होणार नाही. पण लपवून दुसऱ्या फेरीला जाऊही नका. तारीख सांगून जा, आणि करार हातात आला की सहीच्या आधी बाबांना वाचायला द्या. पैशाच्या कलमांत त्यांना तुमच्यापेक्षा जास्त दिसेल.